नदीतले लोखंड ओळखावे कसे?

आजोळच्या विहिरीत घागर पडली की शेजारच्या वाड्यातून गळ मागून आणावयाचा. पाच-सहा आकड्यांचा तो लोखंडी झुबका दोराला बांधून विहिरीत सोडावयाचा आणि तळ चाचपडत बसावयाचे. घागर हाती लागेपर्यंत दुसरेच काहीबाही वर येई: गंजलेली साखळी, बादलीची कडी, कधीकाळी हरवलेला दुसरा एखादा गळ. आम्हा पोरांना घागरीपेक्षा त्या काहीबाहीतच रस असे. प्रस्तुत लेख त्या काहीबाहीविषयी आहे. फरक इतकाच की गळाऐवजी लोहचुंबक आणि विहिरीऐवजी नदी.

पाण्यात चुंबक सोडून वस्तू काढण्याचा उद्योग आपल्याकडे नवा नाही. नाशिकला गोदावरीच्या काठी मुले दोरीला चुंबक बांधून पाण्यात टाकतात आणि भाविकांनी वाहिलेली नाणी काढतात. युरोपात गेल्या काही वर्षांत त्याचा छंदच झाला आहे. १९८० नंतरच्या दशकात निओडिमियम धातूचे अतिशय जोरकस चुंबक निघाले, ते पुढे स्वस्त झाले आणि लोक कालव्यांच्या पुलांवर दोर घेऊन उभे राहू लागले. तिकडे सायकली, तिजोऱ्या, पिस्तुले आणि महायुद्धातले न फुटलेले बॉम्बही वर येतात. म्हणून पुष्कळ ठिकाणी त्याला परवानगी लागते, तर काही ठिकाणी साफ बंदी आहे.

नाण्यांवरूनच पहिला धडा मिळतो. नाशिकच्या त्या मुलांना विचारा, पाण्यातली सगळी नाणी चुंबकाला लागत नाहीत. १९८८ पासून आपल्याकडे पोलादी नाणी पडू लागली. १९९२ पासूनचा लहान रुपया त्याच जातीचा, म्हणून तो झटकन चिकटतो. त्याआधीचा तांबे-निकेल मिश्रणाचा रुपया चिकटत नाही, ॲल्युमिनियमची पाच-दहा पैशांची नाणी तर नाहीच नाही. पण मौज अशी की १९४७ सालचा, इंग्रजी अमदानीतला शेवटचा रुपया चिकटतो! तो शुद्ध निकेलचा आहे आणि लोखंडाप्रमाणे निकेललाही चुंबक ओढून घेतो. तेव्हा ‘चिकटले ते लोखंड’ हे शाळेत पाठ केलेले वाक्य पुरते खरे नाही. आणि आजोळची तांब्याची घागर चुंबकाने जन्मात निघाली नसती. तिथे गळच हवा.

आता आमची हकीकत. मालेगावचा भुईकोट किल्ला मोसम नदीच्या काठी आहे. सरदार नारोशंकर राजेबहाद्दर यांनी तो १७४० च्या सुमारास बांधावयास घेतला. मे-जून १८१८ मध्ये लेफ्टनंट कर्नल मॅकडॉवेल याच्या फौजेने त्याला वेढा घातला. आतील अरब शिबंदीने तो कित्येक दिवस झुंजवला आणि अखेर किल्ल्यातील दारूचे कोठार उडाल्यावर जूनच्या मध्यास किल्ला पडला. इतका इतिहास डोक्यात घेऊन उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही तिघे मित्र नदीकाठी गेलो. एका मोडक्या ध्वनिक्षेपकातला मोठा चुंबक, नायलॉनची दोरी आणि डोक्याला पंचे, एवढीच सामग्री. नदीला पाणी नव्हतेच म्हटले तरी चालेल. जी काही डबकी उरली होती त्यांच्या वासाचे वर्णन वार्षिक अंकात नको. किल्ल्याच्या भिंतीजवळ जावयाचे नाही, गाळ खणावयाचा नाही, पाण्यातून जे वर येईल तेवढेच घ्यावयाचे, असे इतिहासाच्या सरांनी आधीच बजावले होते.

तीन सकाळी मिळून पाऊण पोते लोखंड निघाले. खिळे, सळयांचे तुकडे, बैलाच्या खुरांच्या पत्र्या, एक विळ्याचे पाते. आणि तिसऱ्या दिवशी एक गोळा. चुंबकाला तो पेलवेना. दोनदा सुटला, तिसऱ्यांदा मित्राने गुडघाभर चिखलात उतरून छातीशी धरून आणला. गंजाने लाल, पण पुरता वाटोळा. किल्ला पन्नास पावलांवर! आम्हाला दुसरे काही सुचणेच शक्य नव्हते.

तरी आम्ही आपल्या मते शास्त्रशुद्ध वागलो. (यापुढे थोडे गणित आहे, कलाशाखेच्या वाचकांनी घाबरून पान उलटू नये.) सुतळीने घेर मोजला, तो भरला ३२ सेंटिमीटर. त्याला ३.१४ ने भागून व्यास काढला, तो दहा सेंटिमीटरहून किंचित अधिक, म्हणजे ४ इंच. वाण्याच्या काट्यावर वजन केले. बरोबर ४ किलो. या आकाराच्या गोलाचे घनफळ सुमारे ५५४ घनसेंटिमीटर येते. वजनाला त्याने भागले की दर घनसेंटिमीटरला ७.२ ग्रॅम. बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची घनता साधारण इतकीच असते. मग तोफांची कोष्टके पाहिली. इंग्रजांच्या नऊ पौंडी तोफेचा भरीव गोळा ४ इंच व्यासाचा असे आणि नऊ पौंड म्हणजे ४ किलो ८२ ग्रॅम. राहिला प्रश्न ८२ ग्रॅमच्या फरकाचा. तो आम्ही चुटकीसरशी सोडवला: दोनशे वर्षांत तेवढे गंजाने खाल्ले असणार. मित्राने सुवाच्य अक्षरात चिठ्ठी लिहिली, ‘नऊ पौंडी तोफेचा गोळा, मालेगावचा वेढा, १८१८’, आणि गोळा विभागाच्या कपाटात विराजमान झाला.

कॉलेज उघडल्यावर सरांनी आमचे सगळे आकडे वाचले, चष्मा काढला आणि एकच प्रश्न विचारला.

“गंजाने इतके मोजून खाल्ले, की बरोबर चार किलो उरले?”

आम्ही गप्प.

“कंपनीचे तोफखानेवाले पौंड जाणत होते, इंच जाणत होते. किलोग्रॅमशी त्यांना काय कर्तव्य?”

या एका प्रश्नात जुनी वस्तू ओळखण्याची जी किल्ली आहे ती मला पुढे फार उपयोगी पडली. माणूस वस्तू घडवतो तेव्हा कोणत्या तरी मापात पूर्ण अंक धरून घडवतो. पाऊण इंचाचा बोल्ट १९.०५ मिलिमीटर भरतो. मिलिमीटरमधला हा वेडावाकडा आकडा इंचात सरळ होतो, आणि ती वस्तू इंचाच्या जगातली आहे हे कळते. आपल्याकडे दशमान मापांचा कायदा १९५६ साली झाला आणि पुढील काही वर्षांत ती मापे रुळली. तेव्हा देशी बनावटीची एखादी वस्तू किलोत किंवा मिलिमीटरमध्ये नेमकी पूर्ण भरत असेल तर ती बहुधा त्यानंतरची. बोल्टचे आटे पाहिले तरी हेच दिसते. इंग्रज यंत्रज्ञ व्हिटवर्थ याने १८४१ मध्ये आट्यांचे पहिले प्रमाण ठरवले, त्याचा कोन ५५ अंशांचा. आजच्या मेट्रिक आट्यांचा ६० अंशांचा. गॅरेजवाल्याकडे आटे मोजायची फणी असते, ती लावली की काम झाले. त्याला पुरातत्त्व ठाऊक असण्याची गरज नाही.

सरांनी गोळा कोमट पाणी, साबण आणि दात घासण्याचा जुना ब्रश एवढ्यावरच साफ करावयास सांगितला. अर्धा तास घासल्यावर तीन गोष्टी दिसल्या. पहिली, पृष्ठभागावर अगदी बारीक, एकात एक अशा वर्तुळाकार रेषा. म्हणजे गोळा लेथवर फिरवून गुळगुळीत केलेला. तोफेचा ओतीव गोळा दोन अर्ध्या साच्यांत ओतत, त्यामुळे त्याच्या पोटाभोवती साच्यांच्या सांध्याची रेघ आणि रस ओतल्याच्या जागी खूण राहते. आपल्या देशी गोळ्यांपैकी पुष्कळसे तर लोहाराने तापवून ठोकलेले. त्यांवर घणाचे सपाट चट्टे असतात आणि ते पुरते वाटोळे क्वचितच भरतात. आमच्या गोळ्यावर यांतले काही नव्हते. दुसरी, करंगळीच्या नखाएवढा एक करडा ठिपका. टाचणीने ओरखडला तर मऊ, आतून चकचकीत, म्हणजे शिसे. बरोबर वजन साधण्यासाठी भोक पाडून त्यात शिसे भरलेले. आणि तिसरी, त्या ठिपक्याशेजारी पुसट झालेला, ठशाने उठवलेला आकडा: ‘४’.

इतक्यात जिमखान्याचे शिपाईमामा कसलीशी सही घ्यायला विभागात आले होते. त्यांनी कपाटाकडे पाहिले आणि म्हणाले, “सर, हा तर आपला मुलींचा गोळा!”

गोळाफेकीच्या स्पर्धेत स्त्रियांचा गोळा ४ किलोचा असतो आणि त्याचा व्यास ९५ ते ११० मिलिमीटरच्या दरम्यान असावा लागतो. नऊ पौंडी तोफेचा गोळा वजनाने आणि आकाराने जवळपास तोच. पुरुषांचा ७.२६ किलोचा म्हणजे सोळा पौंडांचा. तिथे जुने पौंड आजही किलोच्या वेषात नांदत आहेत.

आम्ही हसलो. मामा हसले नाहीत. त्यांनी ऑफिसातून डेडस्टॉक रजिस्टर मागवून घेतले. त्यात काही वर्षांपूर्वीची नोंद होती: ‘लोखंडी गोळा, ४ किलो, नग १, गहाळ’, आणि पुढे शेऱ्याच्या रकान्यात मामांचे नाव. गोळा मैदानातून पुलापर्यंत कसा गेला ते कोणास ठाऊक. पैजेवर कोणी पोरांनी पुलावरून फेकला असावा, असे मामांचे मत. परंतु तेवढी वर्षे तो त्यांच्या नावावर गहाळ होता, आणि तो कोणी विकला असेल याविषयी काही मंडळींचे आडून बोलणे त्यांनी ऐकून घेतले होते. सरांनी त्याच दिवशी नोंदीपुढे ‘मिळाला’ असे लिहून घेतले, खाली प्राचार्यांची सही झाली. आमच्या सुवाच्य चिठ्ठीचे काय झाले ते विचारू नये.

त्या पाऊण पोत्यात आणखी सात वस्तू अशा होत्या ज्यांना आम्ही ‘बाणांची टोके’ म्हणत होतो. बोटाच्या दोन पेरांएवढी, पोलादी, निमुळती, मागे लाकडात बसवण्याची बारीक दांडी. अरबांनी बाण मारले असतील काय, यावर आमचा वादही झाला होता. आमच्या वर्गातल्या एका मुलीने ती पाहिली आणि ती जागच्या जागी म्हणाली, “ही शटलची टोकं आहेत. आमच्या घरी डबाभर पडलीत.” तिचे वडील यंत्रमागावर आहेत. धोट्याच्या दोन्ही टोकांना अशी पोलादी टोपणे असतात. धोटा मागाच्या एका बाजूकडून दुसरीकडे फेकला जातो तेव्हा त्याचा मार ती सोसतात. लाकूड कुजते, टोक राहते. त्यानंतर तिलाच आम्ही सगळे पोते दाखवले. आकडा असलेले एक जाड बिडाचे चकते तिने असेच ओळखले. सुताचा ताण राखण्यासाठी मागाच्या मागच्या बाजूस लटकवतात ते वजन. मालेगावात रात्रंदिवस मागांचा खडखडाट कानांवर असतो, आणि आम्ही मात्र दोनशे वर्षांपूर्वीच्या बाणांवर वाद घालत होतो!

आता लोखंडाच्या जातीविषयी थोडे, कारण पुढच्या वस्तूला त्याची गरज आहे. बीड ठिसूळ असते. मोडले की तुटीची जागा दाणेदार, करडी दिसते. ते ओतूनच आकारास येते, म्हणून बिडाच्या वस्तूवर सांध्याची रेघ शोधावी. घडीव लोखंड वाकते, पटकन मोडत नाही. त्यात मळीचे बारीक धागे असतात. त्यामुळे फार गंजले की त्याचा पृष्ठभाग जुन्या लाकडासारखा रेषारेषांचा दिसतो. जुने खिळे, साखळ्या, विळे या जातीचे. साधे पोलाद सगळीकडे एकजिनसी असते, त्यावर असे तंतू दिसत नाहीत. ते स्वस्तात आणि विपुल निघू लागले बेसेमरच्या १८५६ च्या शोधानंतर, आणि जमशेदपूरला टाटांच्या कारखान्यात पहिले पोलाद निघाले १९१२ मध्ये. विजेच्या वेल्डिंगचा सांधा दिसला तर ती वस्तू पेशवाईतली नाही, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

आमच्या पोत्यात बिडाचा एक वक्र तुकडा होता. तळहाताहून मोठा, तीन सेंटिमीटर जाड, कुरूप. गोळ्याच्या आनंदात त्याच्याकडे कोणी पाहिले नव्हते, म्हणून तो मी घरी नेला होता, कागदांवर ठेवायला. तो फार घाणेरडा दिसे. मोरीत वापरायचे ॲसिड बादलीत ओतून मी त्यात तो रात्रभर ठेवला. सकाळी उरलेला गंज ओळखीच्या वर्कशॉपमध्ये ग्राइंडरवर उडवून घेतला. तुकडा छान काळाभोर झाला.

गोळ्याची फजिती झाल्यावर मी तो सरांकडे नेला. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि बाहेरच्या वक्र बाजूचा जो थोडा भाग ग्राइंडरमधून वाचला होता त्यावर पट्टी आडवी ठेवली. ही रीत सोपी आहे. तुकड्याच्या वक्रावर दहा सेंटिमीटर अंतरावरचे दोन बिंदू घ्यावेत, त्यांना जोडणाऱ्या सरळ रेषेपासून मधला फुगवटा किती उंच आहे ते मोजावे. आमचा फुगवटा १३.४ मिलिमीटर निघाला. अंतराच्या वर्गाला फुगवट्याच्या आठपटीने भागावयाचे आणि त्यात निम्मा फुगवटा मिळवावयाचा, की त्रिज्या मिळते: १०० मिलिमीटर. म्हणजे मूळ वस्तूचा व्यास २० सेंटिमीटर, अर्थात ८ इंच. पूर्ण अंकाची किल्ली इथे लागत नाही, कारण २० सेंटिमीटर आणि ८ इंच यांत फरक तीन-चार मिलिमीटरांचा, आणि एवढी चूक आमच्या पट्टीतही असू शकते. परंतु पट्टी आडवी धरली काय किंवा उभी धरली काय, फुगवटा तोच. म्हणजे वस्तू नळीसारखी नव्हती, चाकासारखी नव्हती. ती चेंडूसारखी गोल होती, आतून पोकळ होती आणि तिचे कवच तीन सेंटिमीटर जाड बिडाचे होते. कढई इतकी जाड नसते. भरीव गोळ्याची अशी कपची निघत नाही.

पोकळ गोळ्यात दारू भरून, भोकात जळती वात बसवून तो उखळी तोफेने तटावरून आत टाकीत. मराठी कागदपत्रांत त्याला कुलपी गोळा म्हणतात. १८१८ च्या वेढ्यात उखळी तोफांचा मारा झाला होता आणि आठ इंची उखळी तोफ कंपनीच्या तोफखान्यात नेहमीची. सर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “हिची एखादी कड गोलाकार आत वळलेली होती का रे? वातीच्या भोकाची?”

माझ्या मोबाइलमध्ये सफाईपूर्वीचा एक फोटो होता. त्यात एका बाजूला खरोखरच तसे काहीतरी आत वळलेले दिसते. पण शेजारी पट्टी नाही, साधे नाणेही नाही. वळण किती मोठे होते ते त्यावरून सांगता येत नाही, आणि ती सावलीही असू शकेल. प्रत्यक्ष तुकड्याची ती कड ग्राइंडरने सरळ केली आहे.

जमिनीत किंवा पाण्यात गंजलेल्या लोखंडाविषयी एक गोष्ट मला तेव्हा ठाऊक नव्हती. वस्तूचा मूळ पृष्ठभाग, तिच्यावरची अक्षरे, कडा, ठसे, हे पुष्कळदा आतल्या निरोगी धातूवर नसतातच. ते गंजाच्या थरात राहिलेले असतात. धातू आतून झिजतो आणि आकार गंज सांभाळतो. गंज उडवला की आकारही गेला. म्हणून संग्रहालयातले लोक अशी वस्तू भिंगाखाली धरून कणाकणाने मोकळी करतात. ती एकदम उन्हात वाळवूही नये. आतल्या क्षारांमुळे पापुद्रे सुटू लागतात. आपल्या हाती करण्यासारखे इतकेच, की माती मऊ ब्रशने काढावी, पट्टी ठेवून चारी बाजूंनी फोटो घ्यावा, कुठे आणि किती खोल सापडली ते लिहावे, आणि जाणत्याला दाखवेपर्यंत धुण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात ठेवावी.

मात्र वस्तू पोकळ वाटली, तिला बूच किंवा पितळी टोपण दिसले, तर यांपैकी काहीही करू नये. जुनी तोफेची दारू भिजली म्हणून कायमची मरत नाही, वाळल्यावर ती पेटू शकते. तिथल्या तिथे सोडून पोलिसांना कळवावे. कायद्याचेही दोन शब्द: जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची मौल्यवान चीज सापडली तर ती जिल्हाधिकाऱ्यांना कळवावी असे १८७८ चा निखात निधीचा कायदा सांगतो, आणि शंभर वर्षांहून जुन्या वस्तू १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतात. संरक्षित स्मारकाच्या आवारात चुंबक घेऊन जाऊच नये.

तो तुकडा सध्या विभागाच्या कपाटात, गोळ्याच्या रिकाम्या झालेल्या जागी आहे. या खेपेस चिठ्ठी सरांनी सांगितली आणि मी लिहिली: ‘ओतीव लोखंडाच्या पोकळ गोलाचा तुकडा. मूळ व्यास सुमारे २० सें.मी. मोसम नदी, मालेगाव. बहुधा कुलपी गोळ्याचा. काळ निश्चित नाही.’ खाली थोडी जागा उरली होती. तिथे मी आपल्या मनाने आणखी एक ओळ घातली: ‘एक कड सापडल्यानंतर खराब झाली.’ सरांनी ती वाचली, ‘झाली’ हा शब्द खोडला आणि पेन माझ्या हातात दिले. मी ‘केली’ असे लिहिले.